गुरप्पा सिनेमा सांगतो

वळसंगच्या पुढं, अक्कलकोट रस्त्याला लागून काळ्या रानात वसलेलं एक गाव आहे. रविवारी दुपारी दोनच्या सुमाराला त्या गावातल्या बाया शेंगांच्या पाट्या काखेत मारून गुरप्पाच्या घराकडं निघतात. शेंगा फोडायच्या त्या फोडायच्याच, मग सिनेमा बघत फोडाव्यात, असा त्यामागचा हिशोब. पुरुष पाच-सहाच येतात आणि दाराशी बसतात, म्हणजे कंटाळा आला तर उठून जाता यावं. आजवर कुणी उठून गेलेलं नाही.

घराच्या पुढच्या सोप्यात भिंतीला मोठा टीव्ही आहे. गुरप्पाचा मुलगा संगमेश चिंचोळी एमआयडीसीत नोकरीला, त्यानं तो घेतला. टीव्हीच्या उजव्या बाजूला एक स्टूल, त्या स्टुलावर गुरप्पा. हातात रिमोट, खांद्यावर टॉवेल. सिनेमा मल्याळी. खाली इंग्रजी अक्षरं येतात, पण ती पळत जाणारी अक्षरं वाचणारं त्या सोप्यात कुणी नाही. आवाज बारीक ठेवून गुरप्पा सांगत जातो आणि माणसं पडद्याकडं बघत त्याचं ऐकत जातात.

गुरप्पाला मल्याळी कशी येते, हे गावात नव्यानं आलेलं प्रत्येक माणूस विचारतं. सव्वीस वर्षं त्यानं कांद्याचा ट्रक चालवला. सोलापूरच्या मार्केट यार्डात गाडी भरायची, विजापूर, चित्रदुर्ग, बेंगळूर, कोइमतूर करत पालघाटच्या खिंडीतून केरळात उतरायचं. खिंड ओलांडली की वाऱ्याचा रंगच बदलायचा. इकडं अंगाला चटके देणारा वारा तिकडं ओल्या फडक्यासारखा तोंडावरून फिरायचा. त्रिशूरच्या बाजारात गाड्यांची रांग असली की दोन-दोन दिवस पोती उतरायची नाहीत. तिथल्या हमालांच्या संघटनेचा माणूस आल्याशिवाय पोत्याला कुणी हात लावायचा नाही. बाकीचे ड्रायव्हर गाडीखाली पत्ते कुटायचे. गुरप्पाला पत्ते येत नव्हते. तो थेटरात जाऊन बसायचा.

पहिल्या सिनेमात त्याला एक अक्षर कळलं नाही. पण पडद्यावर एक हमाल आला. डोक्याला टॉवेल गुंडाळण्याची, पोतं घेण्याआधी मान एकदा डावीकडं आणि एकदा उजवीकडं मोडण्याची त्याची रीत बघून गुरप्पा खुर्चीत सरळ बसला. हा तर आपली गाडी उतरवणारा हमाल वासूच. दुसऱ्या दिवशी त्यानं वासूला खाणाखुणा करून विचारलं, तर वासू हसून मोडक्या हिंदीत म्हणाला, ज्यानं तो सिनेमा लिहिला त्याचा बाप आमच्यातलाच, ह्याच बाजारातला.

ते गुरप्पाच्या मनात रुतलं. मग त्याला तशा सिनेमाची चटकच लागली. त्यातला नायक पोट सुटलेला असायचा, चुरगळलेला शर्ट घालून रेशनच्या रांगेत उभा राहायचा. चहाच्या टपरीवर तीन म्हातारे एकच पेपर वाटून वाचायचे आणि पक्षावरून भांडायचे. एका गल्लीत देवळाचा हत्ती निघायचा, चर्चची मिरवणूक निघायची, मशिदीतनं बांग यायची, आणि तिन्ही घरच्या बाया एकाच आडावर पाणी भरायच्या. घरटी एक माणूस आखातात गेलेला असायचा. सिनेमा संपवून गुरप्पा बाहेर यायचा तेव्हा समोर तीच टपरी, तेच म्हातारे. पडद्यावरचं गाव आणि थेटराबाहेरचं गाव यांच्यामध्ये त्याला शिवण दिसायची नाही. भाषा अशीच हळूहळू अंगात मुरली, निम्मी हमालांकडून, निम्मी पडद्यावरून. त्यामुळं तिच्यात शिव्या अंमळ जास्त आहेत.

चार वर्षांपूर्वी गुडघे गेले आणि स्टिअरिंग सुटलं. टीव्ही आला. एकदा शेजारची मल्लव्वा विरजण मागायला आली आणि उंबऱ्यातच टेकली. पडद्याकडं बघून म्हणाली, "काय म्हणतीय रं ती बाई?" गुरप्पानं सांगितलं. "आनि तो काय म्हणला?" तेही सांगितलं. विरजण राहिलं, संध्याकाळ झाली. पुढच्या रविवारी मल्लव्वा सुनेला घेऊन आली, त्याच्या पुढच्या रविवारी दहाजणी आल्या.

सांगायची त्याची एक पद्धत होती. तिकडची नावं माणसांच्या ध्यानात राहात नसत, म्हणून सिनेमा सुरू झाला की तो सगळ्यांची बारशी करून टाकायचा. "ही बघा दानेश्वरी. ह्यो हिचा दीर, शिवकुमार. जरा रागीट हाय, पण मनानं वाईट न्हाई." आणि दुसरी एक गोष्ट तो करायचा. सोप्यात बसणाऱ्या बहुतेक बाया शिवाचा वसा पाळणाऱ्या घरच्या, गळ्यात लिंग बांधणाऱ्या. आणि त्या सिनेमात तर दर दहा मिनिटांनी मासा. मासा आणतात, मासा चिरतात, माशावरून भांडतात. घरात, देवाच्या तसबिरीखाली बसून हे कसं सांगायचं? गुरप्पानं माशाची वांगी करून टाकली. ताडीच्या दुकानाचं चहाचं हॉटेल झालं.

बौद्धवाड्यातली नागूबाई एकदा चष्मा पुसून म्हणाली, "गुरप्पाण्णा, वांग्याला डोळं असत्यात व्हय?"

"तिकडची वांगी तशीच असत्यात," गुरप्पा म्हणाला.

"आनि शेपटी?"

सोपा हसला. लिंगायत बायाही पदर तोंडाला लावून हसल्या. त्यांनाही दिसत होतं. पण अण्णानं वांगी म्हटलंय तर वांगी, असं सगळ्यांचं ठरून गेलं होतं.

ह्या सुखाच्या कारभारात गेल्या महिन्यात एक खोच आली. रस्त्यावर टायरचं दुकान चालवणारा बिजू नावाचा मल्याळी आहे. आठ वर्षं एकटाच राहायचा, यंदा लग्न करून बायकोला घेऊन आला. बायकोचं नाव जिन्सी. पोरगी पंचवीस-सव्वीसची, शिकलेली, भरभर बोलणारी. पण बोलायला कुणी नाही. गुरप्पाकडं आपल्या भाषेतला सिनेमा लागतो हे कळलं, तशी ती रविवारी येऊन मागच्या भिंतीला टेकून बसली. इथं राहून थोडी हिंदी-मराठी तिला समजायला लागली होती.

त्या रविवारचा सिनेमा खाडीकाठच्या एका घराचा. सून आणि सासू, दोघीच. सुनेचा नवरा आखातात गेलेला, अर्धं बांधलेलं जांभ्या दगडाचं घर तसंच उभं, त्याच्या भिंतींवर शेवाळ चढलेलं. दोघी एका शेडमध्ये कोळंबी सोलायला जातात. आकाशातनं विमान गेलं की सासू हातातलं काम टाकून वर बघते. नवऱ्याची पत्रं थांबतात, फोन थांबतात. शेवटी सासू स्वतःच सुनेला दूरच्या गावी नोकरीला पाठवते, होडीत बसवून देते, आणि शेडमध्ये परत येऊन सोलायला बसते. वरून विमान जातं. सिनेमा संपतो.

गुरप्पानं हा सिनेमा आधी बघितला होता. शेवट त्याला पाठ होता. पण सांगता सांगता त्याची नजर पुढच्या रांगेत गेली. तिथं मल्लव्वा आणि तिची सून शिवबाई, एकाच पाटीतल्या शेंगा फोडत बसलेल्या. मल्लव्वाचा प्रभु अकरा वर्षांपूर्वी सुरतेला यंत्रमागावर कामाला गेला. दोन वर्षं फोन आले, मग थांबले. तिकडं त्यानं दुसरं घर केलंय, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं आणि मल्लव्वासमोर कुणी काढत नव्हतं. गुरप्पाची जीभ अडली. पडद्यावर विमान आलं आणि तो म्हणून गेला, "आनि बघा, त्या इमानात तिचा नवरा बसलाय. परत आला. संपलं."

बायांनी सुस्कारा सोडला. शिवबाईनं मान खाली घातली. मल्लव्वा टरफलं झाडत उठली.

सगळे गेल्यावर जिन्सी स्टुलापाशी आली. गावातल्या पोरींसारखीच ती त्याला अप्पा म्हणायची. आपल्या भाषेत, हळू आवाजात म्हणाली, "अप्पा, तुम्ही तो माणूस कुठून आणलात? तो तर सिनेमात नाही."

गुरप्पा हसला. "गोड झालं की जरा."

"आणि कोळंबीला वांगी म्हणालात."

"आमच्यात चालत नाही ते. देवाचं घर आहे."

जिन्सीनं पडद्याकडं एकदा वळून बघितलं. मग म्हणाली, "माझी आई अशाच शेडमध्ये एकोणीस वर्षं बसली. सालींनी हातांना चिरा पडायच्या, बर्फानं बोटं पांढरी व्हायची. शाळेत पोरी माझ्या शेजारी बसायच्या नाहीत, आईच्या हातचा वास माझ्या दप्तराला यायचा म्हणून. त्या सिनेमात ती शेड पहिल्यांदा बघितली तेव्हा आई थेटरात रडली. आपल्याला कुणीतरी बघितलंय, म्हणाली. तुम्ही तिची वांगी केलीत."

ती रागानं बोलली नाही, म्हणून गुरप्पाला ते जास्त लागलं. पोरगी चपला घालून निघून गेली. गुरप्पा रिमोट हातात धरून तसाच बसला. त्याला वासू आठवला, मान मोडणारा.

बुधवारी दाक्षायणीनं दुसरी बातमी आणली. दाक्षायणी म्हणजे गुरप्पाची बायको. कमी बोलते, पण बोलते तेव्हा वजन करून बोलते. चुलीपुढून म्हणाली, "शिवबाईला काम आलंय. आपल्या संगमेशनंच बघितलंय, चिंचोळीत, शाळेचे ड्रेस शिवायच्या कारखान्यात. फाट्यावर सकाळी गाडी येतीया बायांस्नी न्यायला. सोमवारी हजर व्हायचं, न्हाईतर दुसरीला घेतील."

"मग जाऊ दे की. शिवणाचा हात लई चांगला हाय तिचा."

"मल्लव्वा सोडंना. प्रभु आला आनि बायको घरात दिसली न्हाई तर, म्हणती." दाक्षायणीनं भाकरी तव्यावर टाकली आणि त्याच्याकडं न बघता म्हणाली, "त्या सिनेमातल्या बाईचा नवरा आलाच की शेवटाला, असं म्हणत होती शिवबाईला. आडावर. चार बायांसमोर."

गुरप्पानं तोंडाशी नेलेला तांब्या खाली ठेवला.

"मी म्हणते, तिच्या घरी जाऊन सांगा," दाक्षायणी म्हणाली.

"घरी जाऊन काय सांगू? तुझा पोरगा येणार न्हाई म्हणून सांगू? मी सिनेमा चुकीचा सांगितलाय. सोप्यात सांगितलाय, तर सोप्यातच दुरुस्त कराय पायजे."

"लोकांसमोर म्हातारी दुखावली तर?"

गुरप्पा तांब्या तसाच ठेवून उठला. तीन दिवस त्याला जेवण गेलं नाही. सव्वीस वर्षांत त्यानं एकदाही गाडी उलटवली नव्हती, आणि आता घरात स्टुलावर बसून हे करून ठेवलं होतं. शनिवारी तो गुडघा धरत धरत टायरच्या दुकानापर्यंत चालत गेला आणि जिन्सीला म्हणाला, "उद्या माझ्या शेजारी बस. मी चुकलो तर तिथंच सांग."

रविवारी स्टुलाशेजारी खुर्ची बघून बाया कुजबुजल्या. पडद्यावर तीच खाडी, तेच शेवाळलेलं घर आलं. दारातनं सिद्धराम, गुरप्पाचा जुना ट्रकवाला दोस्त, म्हणाला, "काय गुरप्पा, मागच्या आठवड्याचंच शिळं वाढतोय व्हय?"

"शिळं न्हाई. मागच्या टायमाला कच्चं वाढलं होतं." गुरप्पानं रिमोट दाबून चित्र थांबवलं. "ऐका. ह्या बाया सोलत्यात ती वांगी न्हाईत. ती कोळंबी हाय. पाण्यातला जीव. तितल्या लोकांचं ते रान हाय, आपली ज्वारी तशी त्यांची कोळंबी. त्यावर घर चालतं, पोरं शिकत्यात. हिची आई ह्येच काम करत होती. ज्यांस्नी चालत न्हाई त्यांनी जरा तोंड फिरवून बसा, पन मी आता जे हाय ते सांगणार."

कुणी तोंड फिरवलं नाही. उलट बायांचे प्रश्न सुरू झाले. दिवसाला किती सोलतात, खाली बसून की उभ्यानं, बोटं कापतात का. जिन्सी सांगायची, गुरप्पा मराठी करायचा. मध्येच तो अडला की ती हातानं करून दाखवायची, डोकं मोडून, पाय काढून, पाठीतला दोरा ओढून. नागूबाई पुढं सरकली. तिनं सोलापुरात तीस वर्षं विड्या वळल्या होत्या. आपली पिवळी पडलेली बोटं तिनं जिन्सीच्या नाकाजवळ धरली.

"कारखाना सोडून धा वर्षं झाली बाळा. अजून तमाखूचा वास जात न्हाई. तुझ्या आईचा गेला का?"

गुरप्पानं विचारलं. जिन्सीनं मान हलवली. नाही गेला.

"मग बराबर दाखवलंय," नागूबाई म्हणाली आणि मागं टेकली.

गुरप्पा सांगत राहिला. ह्या वेळी त्यानं नावंही तिकडचीच घेतली. माणसं चुकली, पुन्हा विचारती झाली, पुन्हा त्यानं सांगितली. आखातातून येणारी पेटी, पेटीतला अत्तराचा वास, शेजारणींनी पेटी उघडताना केलेली गर्दी, मग न येणारी पेटी. सासू-सून एका ताटात जेवतात आणि एकमेकींशी बोलत नाहीत. सोप्यात शेंगा फुटायचा आवाज कमी कमी होत गेला. होडी आली. सासूनं सुनेची पिशवी उचलून होडीत ठेवली.

सासू शेडमध्ये येऊन बसली. विमान आलं, गेलं. पडदा काळा झाला.

"मल्लव्वा अक्का," गुरप्पा म्हणाला. "त्या इमानात कोण हाय, मला म्हाईत न्हाई. सिनेमात त्ये सांगितलेलं न्हाई. मागच्या रविवारी मी म्हणलो तिचा नवरा आला, त्ये मी माझ्या पदरचं घातलं. चुकलं माझं."

शिवबाईनं पाटी घट्ट धरली. सगळ्या बाया जमिनीकडं बघायला लागल्या.

मल्लव्वानं हातातली शेंग फोडली, दाणे पाटीत टाकले, टरफल बाजूला केलं. मग म्हणाली, "मला म्हाईत हाय की."

"काय?"

"इमान गेलं तवा म्हातारीनं वर न्हाई बघितलं. सबंध सिनेमाभर बघत होती. पोरगा आत असता तर बघितलं नसतं व्हय तिनं? मला मल्याळी येत न्हाई गुरप्पा, डोळं हायती." तिनं दुसरी शेंग उचलली. "तू म्हणलास आला. मीबी म्हणलं, आला. कुणीतरी म्हणावं असं लई वर्सांनी वाटत होतं, तू म्हणलास. चार दिवस गोड गेलं. म्हणून तर पोरीला आडावर सांगत सुटले."

शिवबाई सासूला अत्ती म्हणायची. ती एवढंच म्हणाली, "अत्ती, मी काय हट्ट धरला न्हाई. न्हाई म्हणाल तर न्हाई जात."

मल्लव्वानं तिच्याकडं बघितलंच नाही. ती जिन्सीकडं वळली. "गुरप्पा, ह्या पोरीला इचार. सून गेल्यावर त्या म्हातारीचं पुढं काय झालं? जेवली का न्हाई ती रातच्याला?"

गुरप्पानं विचारलं. जिन्सी म्हणाली, "सिनेमा तिथंच संपतो, अव्वा. पुढं काही नाही."

"मग पुढचं मी सांगते," मल्लव्वा म्हणाली. "ती घरी गेली. भात टाकला. एकटीचा भात अंदाज चुकून जास्त झाला, तर शेजारणीला दिला. दुसऱ्या दिवशी बराबर टाकला. काय अवघड हाय? मला माझ्या दोन भाकरी करता येत्यात. आनि हिला तर रोज संध्याकाळी परतच यायचं हाय, होडीत बसून कुटं जायाचंय?"

दारातनं सिद्धराम म्हणाला, "मल्लव्वा, तू बस आता त्या स्टुलावर. गुरप्पापेक्षा बरं सांगतीस."

"मला न्हाई बाबा चढता येत," मल्लव्वा म्हणाली, आणि मग सगळा सोपा एकदम बोलायला लागला. शिवबाई पदरानं डोळे पुसत उठली आणि पाणी आणायच्या निमित्तानं आत गेली. आतून दाक्षायणीचा बारीक आवाज येत राहिला, डब्यात काय द्यायचं, पहिल्या दिवशी कुठलं लुगडं नेसायचं. जिन्सीनं आईला फोन लावला आणि फोन नागूबाईच्या तोंडापुढं धरला. नागूबाई मराठीत बोलत होती, ती आई मल्याळीत. गुरप्पा मधे पडायला गेला तर नागूबाईनं त्याला हातानं गप्प केलं. आमचं चाललंय बराबर, म्हणाली.

सोमवारी सकाळी गुरप्पा फाट्यावर गेला. जायचं काही कारण नव्हतं. ड्रायव्हरकी करून पहाटे उठायची सवय लागलेली, एवढंच तो दाक्षायणीला म्हणाला. फाट्यावर शिवबाई इस्त्रीचं लुगडं नेसून, डबा छातीशी धरून उभी होती, आणि शेजारी मल्लव्वा काठी टेकून. ज्वारीच्या रानावर ऊन नुकतं पसरत होतं.

गाडी आली. आत आठ-दहा बाया. मल्लव्वानं खिडकीतून एकेकीचं तोंड निरखलं, दोघींना गाव विचारलं, एकीच्या आत्याशी ओळख निघाली. शिवबाई चढली, खिडकीजवळ बसली. मल्लव्वा ड्रायव्हरला म्हणाली, "कुटला रं तू?"

"मंद्रूपचा, अव्वा."

"संध्याकाळी ह्याच जागी सोडायचं. पुढं न्हाई, मागं न्हाई."

"व्हय, अव्वा."

गुरप्पा गाडीभोवती एक चक्कर मारून आला. चपलेनं चारही चाकांना एकेक लाथ मारली, आवाज ऐकला. मग खिडकीशी येऊन ड्रायव्हरला म्हणाला, "मागचं डावं चाक जरा बसलंय. पुढं डाव्या हाताला बिजूचं दुकान हाय, हवा मार आनि जा. माझं नाव सांग."

ड्रायव्हरनं मान हलवली आणि गाडी हळूच रस्त्याला लावली.